आमची वाटचाल : नमुना तपासणीकडून जोखमीच्या अंदाजाकडे

खाद्य उत्पादकांकडून तयार मालाचे नमुने घेणे, त्यांतील सूक्ष्मजीव तपासणे आणि अहवाल देणे, एवढेच आमच्या छोट्या प्रयोगशाळेचे सुरुवातीचे काम होते. मात्र मोठ्या खेपेतील १ टक्का पाकिटे दूषित असली, तरी ६० नमुने तपासून एकही दूषित पाकीट हाती न लागण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के असते. हे साधे गणित या उत्पादकांसमोर मांडू लागल्यावर, केवळ तपासणीच्या भरवशावर अन्नाला सुरक्षित म्हणणे कठीण आहे, हे त्यांनाही पटले आणि आम्ही अंदाजाच्या शास्त्राकडे, म्हणजे अन्नात जिवाणू किती वाढतील हे गणिताने आधीच सांगण्याकडे, वळलो.

त्यासाठीचा पाया तयारच होता. थंड तापमानात जिवाणूंच्या वाढीच्या वेगाचे वर्गमूळ तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढते, हे सांगणारे रॅटकोव्स्की आणि सहकाऱ्यांचे गणिती प्रारूप १९८२ चे, तर वाढ सुरू होण्यापूर्वीचा विलंबही हिशेबात घेणारे बरान्यी आणि रॉबर्ट्स यांचे १९९४ चे.

आम्ही प्रथम लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा जिवाणू निवडला, कारण तो शीतकपाटातही वाढतो आणि अन्नाचा वास वा रंग बदललेला नसतानाही धोकादायक प्रमाणात असू शकतो. गर्भवती, वृद्ध आणि दुर्बल प्रतिकारशक्तीच्या व्यक्तींसाठी तो जीवघेणा ठरतो, म्हणून या कामात ढिलाई आम्हाला मान्य नाही.

अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने सांगितलेल्या जोखीम मूल्यांकनाच्या चार टप्प्यांपैकी धोका ओळखणे तुलनेने सोपे असते. खरा कस लागतो तो ग्राहकाच्या पोटात किती जिवाणू जातील याचा अंदाज बांधताना. शीतसाखळीचे सरासरी तापमान येथे फसवे ठरते, कारण बहुतांश जोखीम वाहतुकीत किंवा घरच्या शीतकपाटात अधिक उबदार राहिलेल्या मोजक्या पाकिटांत साठलेली असते. त्यामुळे आम्ही तापमान, साठवणकाळ आणि सुरुवातीचे दूषण यांची मूल्ये बदलत हजारो वेळा गणना करतो आणि सरासरीऐवजी त्या टोकाच्या पाकिटांकडे पाहतो.

निष्कर्ष ऐकून उत्पादकाला वाटते की आता विक्रीची मुदत कमी करावी लागणार. प्रत्यक्षात पुष्कळदा आम्लता थोडी वाढवल्याने किंवा जलक्रियाशीलता (जिवाणूंना वापरता येणाऱ्या पाण्याचे प्रमाण) थोडी उतरवल्याने अधिक लाभ होतो, कारण हे अडथळे एकत्र आले की जिवाणूची वाढ मंदावते किंवा थांबते.

प्रारूपाचे उत्तर मात्र आम्ही अंतिम मानत नाही. त्याच पदार्थात जिवाणू मुद्दाम सोडून केलेल्या चाचणीशी ते पडताळल्यानंतरच आम्ही टिकण्याची मुदत लिहून देतो, आणि घटक किंवा कृती बदलली की तीच पडताळणी पुन्हा करतो.