कांद्याचा पापुद्रा

आज पंचवटीत मावशींच्या मनगटावरची चिकटपट्टी मी हलक्या हाताने काढली, तर तिच्याबरोबर कातडीचा एक पापुद्राही निघून आला. भोवतालची त्वचा इतकी पारदर्शक होती की आतल्या निळ्या शिरांचे फाटे मोजता आले असते.

"वय झालं रे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेय मी," त्या हसून म्हणाल्या.

वय हे कारण आहेच. पण दम्यासाठी त्या कित्येक वर्षे स्टिरॉइडच्या गोळ्या घेत आहेत, याचा या कातडीशी संबंध असेल हे मला आजवर सुचले नाही, आणि तेच दिवसभर खटकत राहिले. या औषधांच्या दीर्घ वापराने त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची निर्मिती मंदावते, त्वचा विरळ होते आणि किरकोळ धक्क्यानेही जांभळे डाग उठतात. शरीरातच कॉर्टिसॉल हे नैसर्गिक स्टिरॉइड अति तयार झाले, म्हणजे कुशिंग सिंड्रोम असला, तरी हेच घडते.

गोळ्या परस्पर थांबवणे मात्र धोक्याचे, कारण कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी तोवर सुस्तावलेल्या असतात. म्हणून उद्या डॉक्टरांकडे जाताना मावशींच्या कपाटातली खाजेच्या मलमाची ट्यूबही सोबत नेणार आहे. त्या मलमातही स्टिरॉइड आहे, आणि ते कोणी लिहून दिले होते, हे मावशींना आठवत नाही.

तुमच्या घरच्या कपाटात अशी ट्यूब आहे का?