तुम्ही विचारलेत म्हणून: संग्रहालयशास्त्रच का?

“एवढे गुण असताना संग्रहालयशास्त्र कशाला घेतलेस?” हा प्रश्न मला नातेवाइकांनी, जुन्या शिक्षकांनी आणि एकदा मुलाखत घेणाऱ्यांनीही विचारला आहे. पदे मोजकी असतात, त्यांतील बरीचशी कंत्राटी असतात आणि कोणी निवृत्त झाल्याशिवाय वरची जागा सहसा रिकामी होत नाही, हे मला प्रवेश घेण्यापूर्वीच माहीत होते. ते मला पुन्हा ऐकवू नये, एवढी विनंती आहे.

कापडावर आणि जलरंगातील चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत, कारण प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि नंतर दिवे मालवून ती भरून येत नाही. कसर लागलेले लोकरी वस्त्र हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांखाली गोठवले, तर फवारणीवाचूनही कीड मरते. वस्तूवर क्रमांक घालण्याआधी पॅरालॉइड बी-७२ सारख्या, पुढे काढून टाकता येईल अशा रेझिनचा पातळ थर द्यावा लागतो. हे सारे मी मनापासून शिकले, परंतु यांपैकी कशासाठीही मी आले नव्हते. मला दालने मांडायची होती आणि भांडारातील नोंदींचे काम म्हणजे तिथवर पोहोचण्याआधी भरायचा दंड, असे मी तेव्हा मानत असे.

प्रशिक्षणाच्या काळात एका संग्रहालयाच्या भांडारात मी काम करत असताना एक वयस्कर बाई आल्या. त्यांचे वडील घड्याळे दुरुस्त करत आणि त्यांच्या मृत्यूनंतर कुटुंबाने त्यांची हत्यारे संग्रहालयाला दिली होती. बाईंजवळ पोचपावती होती आणि वडिलांचे एक छायाचित्र होते, ज्यात ते डोळ्याला भिंग लावून वाकून बसलेले दिसत होते. त्यांना तेवढे भिंगच पाहायचे होते. नोंदवहीत “घड्याळजीची हत्यारे, एक संच” एवढीच ओळ सापडली; वर्णन नाही, माप नाही, छायाचित्र नाही. मधल्या काळात भांडार हलवताना अशाच आणखी काही देणग्या त्याच खणात ठेवल्या गेल्या होत्या आणि सुताने बांधलेल्या चिठ्ठ्या सुटून खणाच्या तळाशी पडल्या होत्या. चिमटे आणि बारीक पेचकस यांच्या शेजारी चार भिंगे होती, चारही काळ्या कडांची. बाईंनी हातमोजे घातले, एकेक भिंग डोळ्याला लावून पाहिले आणि विचारले, “यातले बाबांचे कोणते?” माझ्याबरोबरचे अधिकारी म्हणाले की चारही सुस्थितीत आहेत. ते खरेच होते: गंज नव्हता, काचेला चरा नव्हता. बाईंनी छायाचित्र चौथ्या भिंगाशेजारी धरले, बराच वेळ पाहिले, आणि त्यांनाही सांगता आले नाही.

कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट या वस्तू-जतनाच्या संस्थेने वस्तूंच्या नाशाची जी दहा कारणे मांडली आहेत, त्यांत आग, पाणी आणि कीड यांच्या बरोबरीने वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट हेही एक आहे. परीक्षेत मी ते शेवटी लिहीत असे, कारण पाठ्यक्रमात ते शेवटी येई.

“लुटीच्या मालाची राखण करायला शिकतेस का?” असे विचारणारेही आहेत आणि त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिनच्या (आजच्या नायजेरियातील जुन्या राज्याच्या) राजवाड्यातून नेलेल्या ब्राँझ कलाकृती युरोपभर विकल्या गेल्या आणि त्यांपैकी काही जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला परत केल्या. कोणती वस्तू कोणत्या हातांतून आली, हे नोंदी धुंडाळूनच दाखवावे लागते. अर्थात नीट नोंद ठेवूनही वस्तू परत न देणारी संग्रहालये आहेत, त्यामुळे माझे हे उत्तर अर्धेच आहे, हे मला मान्य आहे.

दालने मांडायला निघालेली ती मुलगी अजूनही मला टोकते की भांडारातील काम कोणाला दिसत नाही. तिचे म्हणणे खोडून काढणारे काही माझ्याजवळ नाही, आणि बरोबरीच्या मैत्रिणींचे पगार ऐकले की मी तिच्याच बाजूला जाते. सध्याचे कंत्राट संपत आले आहे. पुढचे अर्ज मी संग्रह-नोंदणीच्या जागांसाठीच भरले आहेत. त्यातून काय होईल, हे मला सांगता येणार नाही.