वस्तीची गाडी

मामांच्या मातीला मी पोचलेच नाही. खंबाटकी घाटात एक कंटेनर आडवा झाला होता आणि आमची एसटी दोन तास जागची हलली नाही. पाटणला उतरले तेव्हा सगळे नदीवरून परत आले होते, आणि मामी मला म्हणाल्या, "जेवलीस का गं?" त्यावर काय बोलायचं असतं?

त्या प्रवासात कंडक्टरने मशीनमधून माझं अर्धं तिकीट काढून दिलं. बायकांना अर्धं तिकीट मार्च 2023पासून लागू झालं आणि मामा 2019लाच निवृत्त झालेले. त्यामुळे भाचीचं हाफ तिकीट फाडायचं त्यांचं राहून गेलं, यावरून ते मला दर दिवाळीला चिडवायचे. "पाचवीत पण मी तुझं हाफच फाडायचो. तू वाढलीच न्हाईस."

दहाव्याला परत गेले. त्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण राग अजून गेलेला नाही. आमच्याकडे हल्ली दहावा म्हणजे सभा झाली आहे. केरा आणि कोयना मिळतात तिथे सकाळी आठला पिंड मांडले, आणि लगेच माईक आला. श्रद्धांजलीपर दोन शब्द म्हणून सात जण बोलले. एकाने आपल्या प्रयत्नांनी झालेल्या रस्त्याचा इतिहास सांगितला. एक जण तर उशिरा आले, गाडीतून उतरता उतरता कुणाला तरी नाव विचारलं आणि माईकवरून मामांना 'एसटीचे आदर्श ड्रायव्हर' करून टाकलं. उभी हयात ज्यांनी तिकिटं फाडली, वेबिलं लिहिली, डबल बेल दिली, त्यांना! दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, मान खाली घातली. कावळे पलीकडच्या काठावर बसून होते. आई म्हणाली, "आण्णाचं काहीतरी राहिलंय मनात." मला वाटत होतं, आधी तो स्पीकर बंद करा. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तेराव्यापर्यंतचे दिवस चहाचे कप विसळण्यात गेले.

तेराव्याला तीन माणसं आली. कुणाच्या ओळखीची नव्हती. डोंगरातल्या एका गावाहून आलेली. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. मामा या गावाच्या वस्तीच्या गाडीवर अकरा वर्षं होते. ज्यांनी वस्तीची गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते : संध्याकाळी तालुक्याहून सुटते, रात्री गावात मुक्कामाला राहते आणि पहाटे तीच पहिली गाडी म्हणून निघते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच, देवळात नाहीतर शाळेच्या खोलीत झोपतात. त्या तिघांतला म्हातारा जाताना म्हणाला, "त्येंची वळकटी आमच्याकडंच हाय. येऊन घिऊन जावा."

दादाला जायचं नव्हतं. मीच भरीला घातलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटण स्टँडवर त्या गाडीत बसलो. कंडक्टर तरणाबांड होता. त्याने दादाच्या तासलेल्या डोक्याकडे पाहिलं, कुठे जायचंय ते ऐकलं आणि विचारलं, "मामांचं कोण तुम्ही?" दादाने पैसे पुढे केले तर घेईना. मी म्हटलं, घ्या, नाहीतर मामा वरून लाइन चेकिंगला येतील. तेव्हा हसला आणि दोन तिकिटं दिली, एक फुल, एक हाफ.

रस्ता वाईट आहे. कुणाच्या प्रयत्नांनी झाला ते दहाव्याला कळलं होतंच. मागच्या सीटवर बसलात तर कंबर गेली म्हणून समजा, आणि मी मागेच बसले होते. खिडकीच्या काचा खडखडत होत्या, डिसेंबरचं वारं आत येत होतं, आणि वनकुसवडेच्या पठाराकडच्या पवनचक्क्या अंधारात विरत गेल्या तरी चढ काही संपेना.

गावात उतरलो तर मारुतीच्या देवळापुढे वीसेक माणसं जमलेली. कंडक्टरने फोन केला असणार. नाचणीची भाकरी, वाटाण्याची आमटी, वर कांदा. अशी आमटी मी पुण्यात कितीही मसाले घालून करू शकलेले नाही. पाहुणचार मला एरवी अंगावर येतो, कारण तो आग्रहाच्या नावाखाली छळतो. इथे एका आजीने ताटात एकदाच वाढलं आणि शेजारी बसून राहिली.

मग सुरू झालं. कुणाची औषधं मामा पाटणहून आणायचे. पाटणला खोली करून शिकणाऱ्या पोरांचे डबे पहाटेच्या गाडीने न्यायचे, स्टँडवर एकेकाला हाक मारून द्यायचे. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून गोल करायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दारात आणून द्यायचे, एक रुपया असला तरी. मला भरून येत होतं. खरं सांगायचं तर थोडी मिरवतही होते.

मग म्हातारा म्हणाला, एका पावसाळ्यात दरड आली, गाडी तीन दिवस अडकली. "बसून काय करायचं म्हनून चिखलात उतरला की गडी. तीन दिस आमच्यासंगं भात लावलं. खाकी पँट गुडघ्यापत्तुर वर."

सगळे हसले. दादा हसला नाही. हात धुवायला उठला, मी मागे गेले. तांब्यातलं पाणी हातावर ओतता ओतता तो म्हणाला, "त्या वर्षी आमच्या वाफ्यात मी आणि आई होतो. मी सातवीत. बाबा ड्युटीवर अडकलेत म्हणून आईने मजूर बघितले, मिळाले नाहीत. रात्री कंदिलावर तरवा उपटला."

मी काहीच बोलले नाही. मामा सुट्टीला घरी आले की आम्हाला तेच मोठं वाटायचं : खाऊ, जत्रा, जुन्या तिकिटांचे गठ्ठे खेळायला. पण आम्ही भाचरं. आमच्या वाट्याला फक्त त्यांच्या सुट्ट्या आल्या होत्या आणि आमची त्याबद्दल तक्रार नव्हती.

आजी मागून आली होती. तिने ऐकलं असावं. दादाला म्हणाली, "तुझं नाव घ्यायचा रं सारखा." दादा म्हणाला, "हो का." एवढंच.

वळकटी देवळामागच्या खोलीत होती. सतरंजी, हातशिलाईची गोधडी आणि घोंगडं. गोधडीचा एक तुकडा माझ्या आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा होता, तो मी लगेच ओळखला. आणि तिच्यावर आमचा तरणाबांड कंडक्टर पाय पसरून बसला होता. मामा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी जो कंडक्टर आला त्याला गावाने तीच दिली, मग त्याच्या नंतरच्याला, आता याला. तो गडबडीने उठून घड्या घालायला लागला. थंडी चांगलीच होती. दादाने गोधडी हातात घेतली, उलटी-पालटी केली आणि त्याच्याकडे परत टाकली. "झोप. सकाळी गाडी काढायचीय तुला."

आम्ही आजीच्या घरी झोपलो. झोपलो म्हणजे पडलो, पिसवा होत्या.

पहाटे पावणेसहाला गाडी घरघरत उभी होती. मी खिडकीशी बसले तोच एका बाईने खालून स्टीलचा डबा वर केला, फडक्यात बांधलेला, अजून चटका बसेल इतका गरम. "पाटनला पोरगा येतोय, द्या तेवढा." मी घेतला. दादाने माझ्याकडे पाहिलं आणि तो माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर ठेवला. डबल बेल झाली.

पहिल्याच खड्ड्याला झाकण सैल झालं. पुढचा तासभर दादा दोन्ही हातांनी ते दाबून बसला होता, तरी आमटी त्याच्या नव्या पांढऱ्या पायजम्यावर यायची ती आलीच. स्टँडवर अकरावीतला एक मुलगा धावत आला, फडकं सोडून आत बघितलं आणि म्हणाला, "सांडलंय की निम्मं."