शिनागावाला स्वतःच का गेले

टोकियोतल्या निशी-कासाईत गणपतीला, वाढदिवसाला, नाहीतर पार्कात मुलांना खेळवताना एक प्रश्न मला हमखास येतो. "पीआरला, म्हणजे जपानमधल्या कायमच्या मुक्कामाच्या परवान्याला, तुम्ही म्हणे स्वतः गेलात, वकील लावला नाहीत. जमतं का ते?" दोन मिनिटांत सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून दर वेळी अर्धवट राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट लिहिते.

जमतं. अर्ज करणाऱ्याने स्वतः शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसच्या खिडकीवर जावं, हीच तिथली साधी रीत आहे. आपण ज्यांना वकील म्हणतो ते बहुतेक वेळा ग्योसेइशोशी असतात, म्हणजे सरकारी कागद तयार करून देणारे परवानाधारक. मला एकाने दीड लाख येन सांगितले होते. पैसे गेले असते त्याचं मला एवढं वाटलं नसतं. पण आपल्या सात वर्षांचा हिशोब दुसऱ्याने मांडायचा आणि आपण नुसती सही करायची, हे मनाला पटेना.

मी 2015 मध्ये पुण्याहून आले. साध्या वाटेने पीआर हवा तर जपानमध्ये 10 वर्षं काढावी लागतात. उच्च कौशल्याच्या परदेशी लोकांसाठी असलेल्या गुणपद्धतीत बसलात तर 70 गुणांवर 3 वर्षं आणि 80 वर 1 वर्ष पुरतं. माझे 75 होते: मास्टर्सचे 20, पगाराचे 20, जपानी भाषेच्या एन-2 परीक्षेचे 10, बाकी अनुभव आणि वयाचे. इथे एक गोष्ट लोक विसरतात. गुण आजचे दाखवून भागत नाही, तीन वर्षांपूर्वीचेही दाखवावे लागतात, आणि दोन्हीकडे प्रत्येक गुणामागे कागद हवा. मधल्या काळात मी पस्तिशी ओलांडली आणि वयाचे 5 गुण गेले, पण अनुभवाची 10 वर्षं पूर्ण झाल्याने 5 वाढले, म्हणून बेरीज टिकली. त्या अनुभवासाठी पुण्याच्या जुन्या कंपनीकडून पत्र मागवलं. पहिल्या पत्रात मी काय काम करत होते याचा उल्लेखच नव्हता. दुसरं यायला सहा आठवडे लागले. इंग्रजी कागदांचं जपानी भाषांतर आपण स्वतः केलं तरी चालतं. ते मी रात्री जागून केलं.

पण गुणांपाशी कुणाचं फारसं अडत नाही. खरी गोष्ट नेन्किनची, म्हणजे पेन्शनच्या हप्त्यांची आहे, आणि हा सगळा लेख मी तेवढ्यासाठीच लिहिते आहे.

2019 मध्ये मी नोकरी बदलली. जुन्या कंपनीतला शेवटचा दिवस 20 सप्टेंबर, नवीन कंपनी 1 ऑक्टोबरपासून. मधे दहा दिवस, जरा विश्रांती. पण महिन्याच्या शेवटच्या दिवशी तुम्ही कुठल्याही कंपनीच्या पेन्शनमध्ये नसलात, तर तो अख्खा महिना राष्ट्रीय पेन्शनचा धरतात. कुयाकुशोत (वॉर्ड ऑफिसात) जाऊन नोंद आपण करायची आणि हप्ता आपण भरायचा, पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. मला यातलं काही माहीत नव्हतं. टपालात फिकट रंगाचं पाकीट आलं, ते इतर जपानी पत्रांबरोबर ड्रॉवरमध्ये गेलं. जानेवारीत आवराआवर करताना सापडलं. त्याच संध्याकाळी कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, जाऊन भरून टाकलं. काउंटरवरच्या मुलाने पावतीवर लाल शिक्का मारला. पैसे भरले, विषय संपला असं मला वाटलं.

वर्षभराने पीआरचे कागद जमवायला बसले तेव्हा ती पावती पुन्हा हातात आली. छापलेली मुदत 31 ऑक्टोबरची आणि लाल शिक्का जानेवारीचा, दोन्ही एकाच चिटोऱ्यावर, बोटभर अंतरावर. पेन्शन भरलं का एवढंच ते बघत नाहीत, मुदतीत भरलं का तेही बघतात. राष्ट्रीय पेन्शन भरलेल्या महिन्यांच्या पावत्यांची प्रतच मागतात, त्यामुळे तो शिक्का त्यांच्या डोळ्यांसमोर येणारच. माझ्या बाबतीत मागची 2 वर्षं तपासली जाणार होती. दहा दिवसांच्या सुट्टीपायी, एका न उघडलेल्या पाकिटापायी मला तो शिक्का त्या 2 वर्षांबाहेर जाईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी 2022 उजाडेपर्यंत थांबावं लागलं. त्या रात्री मला खूप रडू आलं. कुणावर रागावणार?

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते: गुण नंतर मोजा, आधी नेन्किन नेट या पेन्शनच्या वेबसाइटवरची महिन्या-महिन्याची नोंद छापून टेबलावर ठेवा आणि नोकरी बदललेल्या महिन्यांवर बोट ठेवा. जोडीदार तुमच्यावर अवलंबून असेल तर त्या महिन्याचा त्यांचाही हप्ता वेगळा भरावा लागतो. तो तर हमखास राहतो.

थांबण्याचं दुसरं कारण माझी आई होती. उच्च कौशल्याच्या व्हिसावर, घरात 7 वर्षांखालचं मूल असेल आणि घरचं उत्पन्न 80 लाख येनांच्या वर असेल, तर आईवडिलांना सांभाळायला आणता येतं. आई मिरजेहून त्याच सवलतीवर आमच्याकडे राहत होती. पीआर मिळाला की ती सवलत जाते. कायमचा मुक्काम मिळतो आणि आईच्या मुक्कामाचा आधार सुटतो. हे फार थोड्या लोकांना अर्जाआधी ठाऊक असतं, कारण कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. आई डिसेंबर 2021 मध्ये आपणहून परत गेली. "तुझी लेक आता माझ्याशी जपानीत भांडते, माझं काम झालं," म्हणाली. त्यानंतरच मी अर्ज भरायला घेतला.

हमीदाराचंही सांगते. मिमोतो-होशोनिन लागतो, तो जपानी नागरिक हवा नाहीतर पीआरवाला. इथे होशोनिन म्हटलं की लोकांना कर्जाचा जामीन आठवतो. माझ्या ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचा चेहरा तो शब्द ऐकताच उतरला. मी पुढे आग्रह केला नाही. ही हमी नैतिक असते, पैशाची जबाबदारी त्यात नाही, पण ते समजावत बसणंही जिवावर येतं. शेवटी वरच्या मजल्यावरच्या नगरच्या काकांनी चहा पिता पिता सही केली.

मग शिनागावा. स्टेशनच्या कोनान बाजूने बाहेर पडून 99 नंबरची बस. नऊला दार उघडतं, मी आठलाच रांगेत होते. दुपारी नंबर लागला. खिडकीपलीकडच्या बाईंनी एकेक कागद काढून यादीवर पेन्सिलीने खूण केली. मी जपानीत लिहिलेलं अर्जाचं कारण, दीड पान, त्यांनी तिथेच पूर्ण वाचलं. मला ते अनपेक्षित होतं. लेकीच्या शाळेबद्दलच्या ओळीशी पेन्सिल थबकली, त्यांनी वर पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पान उलटलं. पासपोर्टवर अर्ज घेतल्याचा शिक्का बसला, निकाल कळवण्यासाठी एका पोस्टकार्डावर माझाच पत्ता माझ्याकडून लिहून घेतला. या शिक्क्याने व्हिसाची मुदत मात्र वाढत नाही. मधे व्हिसा संपत असेल तर तो वेगळा वाढवून घ्यावाच लागतो.

पोस्टकार्ड आलं दहा महिन्यांनी. इमारतीतल्याच कोंबिनीत 8,000 येनांचं महसुली तिकीट घेतलं (एप्रिल 2025 मध्ये ते 10,000 झालं) आणि नवीन कार्ड हातात आलं.

त्याने काय बदललं, हेही विचारता. नोकरी कुठलीही करता येते, घरकर्जाला बँक दारात उभं करते. मतदान नाही, आपले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले ते जपानी नागरिकत्व घेतल्यावर. परत येण्याची परवानगी न काढता वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर पीआर जातो. आणि 2024 मध्ये कायदा बदलला, त्यानुसार कर किंवा पेन्शन जाणूनबुजून बुडवणाऱ्याचा पीआर काढून घेता येईल. म्हणजे ती पाकिटं पुढेही उघडायचीच आहेत. आमच्याकडे आता ती फ्रिजवर चुंबकाने लावलेली असतात, भरल्याशिवाय उतरत नाहीत.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचा साताऱ्याचा मुलगा आला. होशोनिन व्हाल का, विचारताना त्याचा आवाज अडकत होता. हो म्हटलं, आणि गेल्या वर्षी नोकरी बदललीस ना, त्या महिन्याची पावती घेऊन ये म्हटलं. रविवारी येतोय.