आमची वाटचाल: बारा व्होल्टचं काम

२००८ साली मी आणि माझ्या मामेभावाने पुण्यात स्विमिंग पूलच्या दिव्यांचं काम सुरू केलं. भांडवल म्हणजे एक स्कूटर, एक मल्टिमीटर आणि दांडा फिरवायचा जुना मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन शाबूत आहे का ते तपासायचं यंत्र. तो मेगर मामेभावाने जुन्या बाजारातून आणला. आज दुकानात डिजिटल मेगर दोन आहेत, पण अवघड काम असलं की मी तोच पिशवीत टाकतो. केबलमध्ये ओल शिरली असेल तर काटा कसा खाली येतो ते पाहत माझी मुलं हे काम शिकली.

पुढची सात-आठ वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते २०१६ सालचं.

एका मोठ्या सोसायटीच्या पुलात बारा दिवे होते, बारा व्होल्टचे, तीनशे वॅटचे हॅलोजन. एकेक दिवा पंचवीस अँपिअर ओढतो, म्हणून केबल जाड हवी आणि ट्रान्सफॉर्मर जवळ. मी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मरसकट, म्हणजे दिव्यांना मेन लाइनपासून पूर्ण वेगळं ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरसकट दर दिला. दुसऱ्या एका ठेकेदाराने निम्म्याहून कमी दर दिला आणि कमिटीला सांगितलं की आम्ही माणसांना घाबरवून बिल फुगवतो. काम त्याला मिळालं. आमचं आधीच्या देखभालीचं बेचाळीस हजारांचं बिलही तिथेच अडकलं. ते शब्द पुढे सहा सोसायट्यांत पोचले आणि सहाही ठिकाणची देखभाल गेली. दोन पगार थकले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मामेभाऊ नोकरीला लागला. त्याला मी दोष देत नाही, त्याची मुलं लहान होती.

त्या वर्षी लोणावळ्याच्या बाई नसत्या तर शटर कायमचं खाली आलं असतं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका, बंगल्यात छोटा पूल, दिवे चारच. तोच ठेकेदार त्यांच्याकडेही स्वस्त दर घेऊन गेला. बाईंनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि मला फोन केला, "तू सवडीने ये. तोवर नातवंडं उजेडीच पोहतील." वर वर्षभराचे पैसे आगाऊ दिले. पाटल्या त्यातून सुटल्या.

दीड वर्षाने सोसायटीच्या नव्या सेक्रेटरींनी बोलावलं. पायरीच्या रेलिंगला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मेन बंद करून मी बॉक्स उघडला आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी-सेकंडरीमध्ये, म्हणजे मेनकडच्या आणि दिव्याकडच्या बाजूंमध्ये मीटर लावला, तर सरळ पीं वाजलं, म्हणजे दोन्ही आतून जोडलेल्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर! दोन टोकांत बारा व्होल्ट दिसतात, पण लाइनपासून फारकत नसते. न्यूट्रल तुटला की दिव्याच्या वायरीवर दोनशे तीस व्होल्ट येतात. निशमध्ये, म्हणजे दिवा बसतो त्या भिंतीतल्या खोबणीत, केबलला टेप गुंडाळलेला जोड, तोही पाण्याखाली. पॅनेलमधली आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बायपास केलेली. त्या पुलात रोज सकाळी लहान मुलांचा वर्ग चालायचा.

म्हणून सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. दिवा बदलायला पूल रिकामा करावा लागत नाही. निशमध्ये केबलचं वेटोळं त्यासाठीच असतं, वरचा स्क्रू सोडला की दिवा काठावर येतो. त्याआधी एमसीबी पाडा, पॅनेलला कुलूप घाला, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा आणि मीटरने खात्री करा. टेस्टरवर विसंबू नका. गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं, दर वेळी नवं. जुन्या गॅस्केटला सिलिकॉन फासणाऱ्याला दारात उभं करू नका. केबल जंक्शन बॉक्सपर्यंत अखंड हवी. दिवा जोडला की बंद असतानाच पाण्यात धरा, बुडबुडे आले तर परत वर काढा. हॅलोजन पाण्याबाहेर पेटवून बघू नका, तो पाण्यानेच गार राहतो. एलईडी घेताना जुन्या ट्रान्सफॉर्मरवर चालेल का, हे आधी विचारा.

सोसायटीने सगळं बदलून घेतलं, पण तो ठेकेदार काय करून गेला हे सभेत कुणी उच्चारलं नाही. आम्ही घाबरवतो हा शब्दही कुणी मागे घेतला नाही. मी तिथे दर सहा महिन्यांनी मेगर घेऊन जातो. जुनं बेचाळीस हजारांचं बिल दर मार्चमध्ये पुन्हा पाठवतो.