मुतो सांजी जीवनपट: ६६, ६७ की ६८?

तीन आठवडे अडलेलं गाडं काल रात्री सुटलं, म्हणून लगेच लिहितेय.

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की जपानी कापड-उद्योजक मुतो सांजी यांचा जो जीवनपट, म्हणजे आयुष्याची वर्षावार रेघ, मी कागदावर आखतेय, त्याचं शेवटचं टोक जुळत नाही. ९ मार्च १९३४ ला किता-कामाकुरात घराजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १० मार्चला ते गेले. इथवर वाद नाही. पण वय? एका जपानी मजकुरात ६६, दुसऱ्यात ६८ आणि माझ्या हिशोबानं ६७ पूर्ण. जन्म मी १ मार्च १८६७ धरला होता, कारण मूळ नोंद स्वच्छ आहे: केइओ ३ (केइओ या जपानी कालखंडाचं तिसरं वर्ष), तिसरा महिना, पहिला दिवस.

तिसरा महिना म्हणजे मार्च, हे मात्र मी मनानंच धरलं होतं. जपाननं आजचं कॅलेंडर घेतलं ते पुढच्या मेइजी कालखंडाच्या पाचव्या वर्षाच्या अखेरीस. त्या वर्षीचा बारावा महिना दोनच दिवस चालला आणि लगेच १ जानेवारी १८७३ उजाडला. त्याआधीचे महिने चांद्र, मधूनमधून अधिक महिना येणारे, अगदी आपल्यासारखे. त्या हिशोबानं मुतोंचा जन्म पडतो ५ एप्रिल १८६७ ला. गंमत म्हणजे त्याच अमावास्येनंतर आपला शके १७८९ चा चैत्र लागला! हे पंचांगात पडताळलं तेव्हा इतका आनंद झाला की झोपच लागेना.

आता बघा. ५ एप्रिल धरला की मृत्यूच्या दिवशी ६६ पूर्ण, सदुसष्ट भरायला महिनाही उरलेला नाही. ६८ हे काझोए-दोशीचं वय: जन्मताच एक, मग दर नव्या वर्षाला एक वाढवायचा. दोन्ही मजकूर खरे होते, फक्त माझा ६७ चुकला होता.

माझ्या पटावर एका वर्षाला दोन सेंटिमीटर, म्हणजे पस्तीस दिवसांची ही चूक जेमतेम दोन मिलिमीटरची. पण रेघ शाईची होती. अर्धं ब्लेड आडवं धरून हळूहळू खरवडली, वर नख घासून कागद गुळगुळीत केला आणि ०.३ च्या पेननं पुन्हा ओढली. शाई फुटली नाही. जाड बटर पेपर घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. पातळ कागद पहिल्याच खरवडीला फाटतो. स्प्रेडशीटवर मात्र विसंबू नका. माझी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून घेतच नाही आणि सगळा क्रम उलटापालटा करते. वर्ष-महिना-दिवस असं साध्या मजकुरात लिहिलं की क्रम बरोबर लागतो.

आणखी एक गाठ सुटली. त्यांचं मूळ आडनाव साकुमा, मुतो नंतरचं. साकुमा नावानं शोधल्यावर टोकियोच्या केइओ विद्यालयातलं शिक्षण आणि १८८५ चा अमेरिका प्रवास दोन्ही पटावर आले.

पुढे राजकारणाची पट्टी घेणार होते: १९१९ ला वॉशिंग्टनच्या कामगार परिषदेत मालकांचे प्रतिनिधी, १९२३ ला स्वतःचा पक्ष, १९२४ ला संसदेत. पण १८९४ ची खूण करताना हात थांबला. त्या वर्षी कानेबो या कापड कंपनीच्या ह्योगो गिरणीची जबाबदारी घेऊन ते कोबेला गेले. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ ला, जमशेटजी टाटांच्या पाठबळानं निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीची मुंबई–जपान बोट सुरू झाली होती. आपल्याकडच्या कापसाच्या गासड्या कोबेच्या धक्क्यावर उतरत होत्या! म्हणजे खाली मुंबईच्या कापसाची वेगळी पट्टी हवीच. ती पार १९३३ पर्यंत जाईल, जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला तिथवर. तो मिटला जानेवारी १९३४ ला, मुतोंची रेघ संपायच्या दोन महिने आधी.

या पट्टीला निळी शाई घेतेय. राजकारण त्यानंतर.