साखळी खेळू द्या पोरांना

सुट्टी लागली की व्हॉट्सअ‍ॅपवर 'मुलांसाठी टीमवर्क वर्कशॉप'वाले मेसेज यायला लागतात आणि त्यांची फी बघितली की आपलंच बोलणं बंद होतं. तिथे वाईट शिकवतात असं नाही म्हणत मी, पण आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं साखळी खेळतात ना, ते बघून माझं मत पक्कं झालंय. बाद झालेलं पोर ज्यात कट्ट्यावर जाऊन बसत नाही आणि बोलल्याशिवाय ज्यात काही जमतच नाही असा खेळ द्या, बाकीचं पोरं बघून घेतात.

साखळी माहितीच असेल. ज्याच्यावर राज्य तो एकाला पकडतो, मग दोघं हात धरून तिसऱ्याला, मग तिघं चौथ्याला, असं करत साखळी वाढत जाते आणि मध्येच हात सुटला तर पकडलेलं धरत नाहीत. गंमत अशी की मोकळा हात फक्त दोन टोकांच्या पोरांचा, म्हणजे पकडणार तेच, आणि त्या दोघांना एकाच वेळी दोन वेगळी गिऱ्हाइकं दिसतात, एक इकडे ओढतो एक तिकडे, मधल्या पोरीचे हात ताणले जातात आणि ती ओरडते, "अरे थांबा ना, कुणाला पकडायचंय ते ठरवा आधी!" झाली मीटिंग सुरू, तीही पळता पळता. थोड्या वेळाने ती मधलीच सगळ्यांना सांगायला लागते, कारण तिला दोन्ही बाजू दिसतात. आणि साखळी जोरात वळली की टोकाचं पोर पार भिरकावलं जातं, त्यामुळे लहानांना मध्ये घ्यायचं हे कुणी शिकवावं लागत नाही, एखादं धडपडलं की जागा बदलतात. एरवी हीच लहान पोरं कच्चा लिंबू, खेळात आहेत पण मोजायची नाहीत. इथे मात्र कच्च्या लिंबाने हात सोडला की सगळ्यांची मेहनत पाण्यात, मग काय, त्याला विचारत, सांभाळत न्यावंच लागतं.

दुसरा आवडता खेळ चपलांचा. सगळ्यांच्या चपला वाकड्यातिकड्या मांडायच्या, एकाच्या डोळ्यावर ओढणी बांधायची, जोडीदार समोर उभा राहून नुसतं तोंडाने वाट सांगणार, चपलेला पाय लागला की दोघंही परत पहिल्यापासून. समोरचा छातीठोकपणे सांगतो "उजवीकडे", पण ते त्याचं स्वतःचं उजवीकडे! "तुझ्या की माझ्या?" यावरून जी काय भांडणं होतात. होऊ द्यावीत. कारण त्यानंतर तीच पोरं "जिन्याकडे एक पाऊल", "आता गेटकडे अर्धं" असं बोलायला लागतात, "इकडे, अगं इकडे" हे बंद होतं. मग अदलाबदल करायची, स्वतः ओढणी बांधून चाललेलं पोर सांगतं जास्त नीट.

वाढदिवसाला संगीत खुर्चीऐवजी सतरंजी करा. गाणं थांबलं की सगळ्यांनी सतरंजीवर मावायचं, दरवेळी एक घडी घालायची, बाद कोणी नाही. शेवटी उंच पोरांच्या पायांवर बारकी उभी असतात.

चौथी-पाचवीच्या पुढची असतील तर सरळ खो-खो. त्यात हारजीत आहे हे मान्य, असू दे की. आठ जण आळीपाळीने उलटसुलट तोंड करून बसलेले, पाठलाग करणाऱ्याने मधली रेषा ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही, म्हणजे एकटा कितीही जोरात पळत असला तरी समोरचा पलीकडे गेला की याचं संपलं, खो द्यावाच लागतो, तोही पाठीमागून, हात लावून, मोठ्याने. सगळी हुशारी कधी द्यायचा त्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, मुलं आणि मुली दोन्ही टीम आपण जिंकलो, फायनलला दोन्हीकडे समोर नेपाळ होतं, आणि कॅप्टन प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्रातलेच. तरी आपल्याकडे पोरांना क्रिकेटच्या नेटला घालायची घाई, जिथे अर्धा वेळ रांगेत उभं राहायचं.

एक तेवढं सांभाळा, गॅलरीतले कोच. "अरे डावीकडून जा, त्याला पकड!" असं वरून कोणी ओरडलं की पोरं एकमेकांकडे बघायचं सोडून वर बघायला लागतात, खेळ तिथेच मेला. रडीचा डाव, टाइमप्लीज, कोण खोटं बोललं, हे सगळं त्यांचं त्यांना मिटवू द्या, कोणी ढकलाढकली केली तरच खाली जा. आणि अगदी छोट्या, तीन-चार वर्षांच्या पोरांकडून साखळीची अपेक्षा नको, त्यांना जुनी चादर चारी बाजूंनी धरायला द्या आणि वर बॉल टाका, तो खाली पडू द्यायचा नाही एवढंच, बास होतं त्यांना.

खरा प्रश्न जागेचा आहे. उन्हाळ्यात सहाच्या आधी पार्किंगची फरशी तापलेली आणि सहानंतर गाड्या परत यायला लागतात. आमच्याकडे शेवटच्या विंगसमोरची जागा साडेसातपर्यंत मोकळी ठेवायची असं सध्या ठरलंय, दोन काकांचा विरोध आहे, त्यातल्या एकांचा नातू साखळीत असतो.